हसाजीची पितळी तोटी

हसाजी झिराडकराला देवाने तोंड दिलं, पण त्याचं झाकण द्यायला देव विसरला. उधन्याच्या एका मिलमध्ये तो बॉयलरवर फिटर होता. पाळी बदलली की भोंग्याची साखळी ओढायची, हे त्याचं काम. साखळी काय, माकडालाही ओढता येते. पण हसाजीच्या तोंडून ऐकाल तर नवागामपासून बमरोलीपर्यंत अर्धं सुरत त्याच्या परवानगीने उठत होतं आणि त्याच्या परवानगीने जेवत होतं.

भेस्तानला स्टेशनामागे बेने इस्राएलांची आठ-नऊ घरं होती. कोकणातून आलेली यहुदी माणसं. कुणी रेल्वेत, कुणी मिलमध्ये. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि प्रार्थनेला हिब्रू, तीही ओळीखाली बोट धरून. या घरांचे मुकादम होते एलोजी चेऊलकर. त्यांच्याच पुढच्या खोलीत प्रार्थना व्हायची. नव्याच्या सणाला, म्हणजे यहुदी वर्षाच्या पहिल्या दिवशी, एडक्याचं शिंग फुंकायचं तेही तेच फुंकायचे. तीस वर्षं फुंकलं. सासष्ट साली पावसाळा लागला आणि एलोजी गेले.

आता शिंग कोण फुंकणार? सणाच्या तीन आठवडे आधी पुरुषमंडळी त्याच खोलीत जमली आणि सगळ्यांना एकदम जमिनीवरच्या फरशा फार आवडायला लागल्या. कुणी वर बघेना. गार्डसाहेब रोहेकरांचे दात कवळीचे, दुसऱ्याला दमा, तिसऱ्याला लाज. असे हे पुरुष!

"त्यात काय?" हसाजी म्हणाला. "शिंग म्हणजे छोटा भोंगाच की. मी वाजवतो."

शिंग ज्याच्या तोंडी, मुकादमी त्याच्या दारी, असा ठराव त्याने मनातल्या मनात मांडला, त्याला अनुमोदनही स्वतःच दिलं. एलोजींची खुर्ची खिडकीजवळ रिकामी होती. हसाजीने जाता जाता तिच्या पाठीवर हात फिरवून पाहिला. गादी जरा नवी करावी लागेल, असं त्याचं मत पडलं.

एलोजींची बायको सेगुलाबाई हिने फडक्यात गुंडाळलेलं शिंग आणून दिलं, पण हातातून सोडेना.

"हसाजी, आधी पुस्तक वाच. हे कशासाठी वाजवतात ते समजून घे."

"काकी, वाजवायचंय ना? वाचायचं कशाला?"

बॉयलरच्या खोलीत दुपारच्या सुट्टीत हसाजीने शिंग तोंडाला लावलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, कान लाल झाले. शिंगातून थुंकी गळली. दुसऱ्या दिवशीही थुंकीच. चौथ्या दिवशी एक आवाज निघाला, तो ऐकून कोळसा टाकणारा धुडकू फावडं टेकून उभा राहिला. धुडकू खानदेशचा, जीभ तिखट.

"हसाजीभाऊ, बोकड्याना जीव जाई ऱ्हायना का?"

"गप बस! देवाचं वाद्य आहे हे."

"मंग देवलेच वाजू दे ना भो!"

दोन आठवडे असेच गेले. सण गुरुवारी होता, गणपतीच्या आधी तीन दिवस. मंगळवार उजाडला तरी सूर लागेना. मुकादमी राहिली बाजूला, आता नऊ घरांसमोर फजिती दिसायला लागली. अशा वेळी शहाणा माणूस म्हाताऱ्या बाईकडे जाऊन म्हणेल, काकी, जमत नाही, सांगा काय करू. पण हसाजी फिटर होता. फिटरला जगातलं प्रत्येक दुखणं एकच वाटतं: कुठेतरी वाफ गळतेय.

तो गेला लेथवाल्या मगन खराद्याकडे.

मगनने शिंग उलटंसुलटं केलं. "हसाजीभाई, आ तो बोकडानुं शिंगडुं छे!"

"एडक्याचं आहे. टोक काप, आणि पितळेची तोटी बसव. शिट्टीला असते तशी."

मगनने दोन बोटं टोक करवतीने उडवलं, लेथवर तोटी काढली, सुतळी गुंडाळून वर सफेदा फासला आणि पाइपाला नळ बसवावा तशी ती शिंगात पिळून बसवली. हसाजीने फुंकलं आणि समोरच्या कारखान्यातले कामगार पाळी बदलली समजून डबे उचलून बाहेर आले. हसाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

प्रार्थनेला दहा पुरुष लागतात म्हणून गुरुवारी वलसाडहून दोघे आणवले होते. हसाजी इस्त्रीचा कोट घालून, तोटी मुठीत झाकून उभा राहिला. गार्डसाहेबांनी खूण केली. हसाजीने फुंकलं.

खिडकीच्या काचा थरथरल्या. दमेवाला दचकून खाली बसला. पुरुषांनी माना डोलावल्या. आवाज मोठा असला की यांच्या माना आपोआप हलतात. हसाजीने तिरक्या डोळ्याने खुर्चीकडे पाहिलं.

"थांब," सेगुलाबाई आतल्या दारातून म्हणाली. "मूठ उघड."

मूठ उघडली. पितळ चमकलं.

"हे काय लावलंस?"

"काकी, सुधारणा केली. आवाज बघा ना कसा..."

"आवाजाला काय करायचंय? अब्राहामबापाने देवाच्या हुकमाने पोरावर सुरी उचलली, तेव्हा झुडपात काय अडकलं होतं? नळ अडकला होता? एडका अडकला होता शिंगांनी, आणि पोर वाचलं. म्हणून शिंग. शास्त्रात जुन्या मोजणीने सातव्या महिन्याची पहिली तारीख लिहिलीय, वाजवून आठवण करायची. आज देव राजा म्हणून बसतो, वर्षभराच्या कर्मांची वही उघडतो. त्याच्यापुढे माणसाने आपला श्वास शिंगात घालायचा. तू पितळेत घातलास. भोंगा झाला हा. सण अजून मुकाच आहे."

मघाशी डोलणाऱ्या माना आता फरशांकडे वळल्या. वलसाडहून आलेल्यांपैकी एक म्हणाला, "पण आज सणाला कामाची बंदी. तोटी काढायला हत्यार कसं लावणार?"

हसाजीचा चेहरा उतरला. दुसरं शिंग मुंबईशिवाय मिळायचं नाही, आणि वर्षाचा पहिला दिवस शिंगावाचून गेला तर तो त्याच्या नावाने जाणार होता. त्याने तोटी दातांत धरली आणि शिंग पिळलं. सफेदा अजून ओलाच होता. फसक्‌ करून तोटी निघाली. ओठांवर, मिशीवर, कोटावर पांढरं फासलं. एक पोरगी हसली, तिच्या आईने चिमटा काढला.

कापलेल्या टोकाला तोंड लावून त्याने फुंकलं. फुर्र. पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा एक बारीक, फाटका आवाज निघाला, तुटला, पुन्हा निघाला, पुन्हा तुटला. हसाजीला तो लांब करता येईना. छाती भरून आली होती, दमाने म्हणा, लाजेने म्हणा. सेगुलाबाईने डोळे मिटले आणि बोटांच्या पेरांवर मोजत राहिली. पुस्तकात सांगितलेत तेवढेच: एक जेमतेम लांबसा, तीन तुटके, मग नऊ बारीक हुंदके.

"आमेन," ती म्हणाली. "आता वाजलं. असंच रडकं हवं असतं ते. आमचे हे पण पहिल्या वर्षी असेच रडले होते."

मुकादमी मात्र कवळीवाल्या रोहेकरांकडे गेली. ते काहीच बोलले नव्हते, हीच त्यांची लायकी ठरली.

रविवारी बॉयलरच्या खोलीत हसाजी धुडकूला सांगत होता, "मोठा आवाज काढणं सोपं असतं रे. मी मुद्दाम रडका काढला. शास्त्रात तसंच आहे."

"तुले कधी समजनं शास्त्र?"

हसाजीने मिशीवर बोट फिरवलं. सफेदा अजून पुरता निघाला नव्हता.

"गुरुवारी," तो म्हणाला, आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत गप्प बसला.