अण्णा आणि पलीकडचा थांबा

माझे सासरे, अण्णा, बसच्या वेळेआधी वीस मिनिटं थांब्यावर हजर असत आणि बस आली की चढण्याआधी मनगटावरच्या घड्याळात बघून मान हलवत. मान उभी हलली तर गाडी वेळेवर. आडवी हलली तर ड्रायव्हरचं काही खरं नाही. मिरजेच्या डेपोत आधी कंडक्टर आणि मग वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी आयुष्य काढलं होतं. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी तो डेपो त्यांच्या अंगातून गेला नव्हता.

ऑकलंडला आम्ही फ्लॅट बुशमध्ये राहतो. इथे घरटी दोन-दोन मोटारी. बसने जाणारे म्हणजे शाळकरी मुलं आणि अण्णा. दुपारच्या रिकाम्या बसमधून फिरून आले की हळहळत. "मेधा, चाळीस माणसांची गाडी आणि आत मी एकटा. आमच्याकडे ही फेरी आठवड्यात रद्द झाली असती." मग बूट काढता काढता म्हणत, "नाही करत ते बरंच आहे म्हणा."

इथे उतरणारा प्रत्येक माणूस ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणतो, याचं त्यांना अपार कौतुक होतं. "माझ्या गाडीतून माणसं शिव्या देत उतरायची," ते सांगत. स्वतः मात्र उतरताना इतक्या खणखणीत आवाजात आभार मानत की मागच्या बाकावरची मुलं मोबाइलमधून डोकं वर काढत.

त्यांची खरी मैत्री होती ती कोपऱ्यावरच्या डेअरीच्या मालकांशी. डेअरी म्हणजे दूध-पावापासून जँडल्सपर्यंत, म्हणजे रबरी चपलांपर्यंत, सगळं ठेवणारं इथलं दुकान. मालक कोरियन, वय अण्णांएवढंच. दोघांचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे गप्पांना अंत नसे. भारतात जाताना आमचं विमान कोरियात बारा तास थांबणार हे कळल्यावर त्या गृहस्थांनी एका जुन्या, गवताने शाकारलेल्या घरांच्या गावाचं नाव आपल्या लिपीत चिठ्ठीवर लिहून दिलं, खाली बसचे नंबर. विमानतळावरून एक मोठी बस, मग शहरातून दुसरी, साधी.

त्या प्रवासाला एक दुसरीही बाजू होती. आदल्या हिवाळ्यात अण्णा चुकीच्या बसने ईस्ट टामाकीच्या गोदामांमध्ये जाऊन पोचले होते आणि कुणा कामगाराने आम्हाला फोन केला होता. तेव्हापासून निखिलने, माझ्या नवऱ्याने, ठरवलं होतं की अण्णांनी आता मिरजेला एकटं राहायचं नाही. अण्णांना तर मिरजच हवी होती. शेवटी निखिल मला म्हणाला, "तू सोबत आहेस ना, नीट बघ. मॅनेज होत नसेल तर महिन्याने परत घेऊन ये. ऑनेस्टली सांग मला." हे आम्ही अण्णांना सांगितलं नव्हतं. त्यांना कळलं नसेल असं मात्र मला कधीच वाटलं नाही.

जाताना सगळं बिनचूक झालं. त्या गावात अण्णा घरांपेक्षा अंगणातल्या मोठमोठ्या मातीच्या बरण्यांपुढे जास्त रेंगाळले. परत निघताना आम्ही दुसऱ्याच दाराने बाहेर पडलो. अण्णांनी रस्त्याकडे पाहिलं. "शहर डावीकडे. म्हणजे आपण अलीकडेच उभं राहायचं." मीही मान डोलावली. मिरजेत ते बरोबर होतं, ऑकलंडलाही बरोबर होतं. कोरियात वाहनं उजव्या बाजूने चालतात हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. गाडी आली, नंबर जुळला, अण्णांची मान उभी हलली आणि आम्ही चढलो.

अर्ध्या तासाने गाडी कोबीच्या शेतांजवळ शेवटच्या थांब्यावर उभी राहिली आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. अण्णांनी घड्याळात पाहिलं, पण मान हलवली नाही. त्यांचा चेहरा पाहून मला विमानापेक्षा मिरजेची काळजी वाटली. मी फोनवर टॅक्सी शोधायला लागले, तर त्या ॲपला तिथलाच मोबाइल नंबर हवा होता. मान वर केली तेव्हा अण्णा शेजारी नव्हते. ते ड्रायव्हरांच्या खोलीत, भिंतीवरच्या वेळापत्रकासमोर उभे होते. एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. आपल्या गाडीच्या नंबराखालच्या वेळांवरून त्यांचं बोट हळूहळू खाली आलं आणि एका वेळेवर थांबलं. चहा पीत बसलेल्या एका वयस्कर माणसाला त्यांनी तो आकडा, विमानाचं तिकीट आणि घड्याळ दाखवलं. त्याने मान हलवली, आणि उठून आम्हाला मागच्या बाजूला उभ्या असलेल्या गाडीपर्यंत सोडलं. सहा मिनिटांत ती निघाली. शहरात गाडी बदलून विमानतळावर पोचलो तेव्हा तास-दीड तास हाताशी होता.

निखिलचा फोन आला. "कसं झालं? अण्णा ओके?"

"एकदम मस्त," मी म्हणाले. "कुठे चुकलो नाही, काही नाही."

अण्णांनी हात पुढे करून फोन घेतला. "निखिल, चुकलो. रस्त्याच्या भलत्या बाजूला मी उभं केलं हिला. पार दुसऱ्या टोकाला गेलो. तिथून परतही मीच आणलं. दोन्ही ऐकून घे आणि मग काय ते ठरव."

माझी मान खाली गेली. मी त्यांना वाचवायला निघाले होते आणि त्यात त्यांचा अर्धा दिवस खोडून टाकला होता. पलीकडून निखिलचा आवाज मला ऐकू आला, "अण्णा, मिरजेला पोचलात की फोन करा."

महिन्याने मी एकटीच परतले. अण्णा मिरजेला अडीच वर्षं राहिले आणि दर रविवारी फोनवर सगळं सांगत राहिले. कुकर जळला, दुपारी घासला. सांगलीऐवजी दुसऱ्याच गाडीत बसलो, पुढच्या फाट्यावर उतरून परत आलो. आम्ही हसायचो, तेही हसायचे. गेल्या वर्षी एका रविवारी म्हणाले, "मेधा, परवापासून चार पायऱ्या चढवत नाहीत. डॉक्टरांकडे जाऊन आलो. हे आता माझ्याच्याने सुटायचं नाही. निखिलला पाठव."

निखिल त्याच दिवशी निघाला. त्याला अण्णांजवळ बसायला पाच दिवस मिळाले.