टिपणीसांच्या नोटिसा

अंधेरीला सात बंगल्याजवळ एक तीन मजली सोसायटी होती. तिथे दुसऱ्या मजल्यावर राहणारे श्यामसुंदर टिपणीस हे लेखक आहेत, असं सगळे मानत. नोकरी विमा कचेरीत. पण नऊ वर्षांपूर्वी त्यांची एक कथा छापून आली होती. त्यानंतर त्यांनी काहीच लिहिलं नसल्यामुळे ती लोकांच्या लक्षातही राहिली होती.

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं : कथा पाठवा. टिपणीसांनी पंधरा दिवसांची रजा टाकली, शाईची नवी बाटली आणली आणि गॅलरीत टेबल मांडलं. पहिल्या चार दिवसांत त्यांनी कागदावर स्वतःचं नाव लिहिलं, खोडलं आणि पुन्हा जास्त वळणदार लिहिलं.

"नाव झालं ना?" पाचव्या दिवशी त्यांची बायको नलिनी म्हणाली. "आता खाली काहीतरी येऊ द्या."

"येत नाही गं."

"मग सरका. मला पापड्या वाळत घालायच्यात."

टेबलावर साबुदाण्याच्या पापड्या पसरल्या. टिपणीस उभे राहून विचार करू लागले.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार सामंत वर आले. पाण्याचा पंप बंद पडला होता. "तुम्ही रिकामेच आहात, तर एक नोटीस लिहून द्या. आज पाणी येणार नाही, एवढंच."

'रिकामे' हा शब्द टिपणीसांना लागला. तरी त्यांनी कागद भिंतीला टेकवला आणि पेन जे सुटलं, ते दीड पानावर थांबलं. अकरा वर्षं गच्चीवरच्या टाकीची इमानाने सेवा केलेल्या पंपाचं खालच्या टाकीशी बिनसलं होतं, आणि त्या सकाळी तो कुणाला काही न सांगता गप्प झाला होता. पाणी येणार नाही, हे शेवटच्या ओळीत होतं.

दुपारी तळमजल्यावरच्या माणिकताई डोळे पुसत वर आल्या. "पण खालच्या टाकीचं काय चुकलं हो?"

टिपणीसांनी दुसऱ्या दिवशीच्या नोटिशीत त्याचा खुलासा केला. आठवडाभरात शेजारच्या दोन इमारतींतली माणसंही रोजची नोटीस वाचायला जिन्याखाली जमू लागली. वेसाव्याहून मासे घेऊन येणारी पुतळाबाई आधी माणिकताईंकडून नोटीस वाचून घ्यायची, मगच टोपलीवरचं फडकं काढायची.

मेकॅनिक आला त्या दिवशी लोकांनी त्याला फाटकातच अडवलं.

"अहो, पाणी नाही आपल्याला!" सामंत ओरडले.

"भरतोय ना खालच्या टाकीतून बादल्यांनी!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "पण आता कुठे रंगात आलंय."

सभा भरली. पंप दुरुस्त करू नये, असा ठराव सोळा विरुद्ध दोन मतांनी पास झाला. एक मत सामंतांचं, दुसरं नलिनीचं. टिपणीस रोज सहा बादल्या दुसऱ्या मजल्यावर चढवत. पाठ धरली होती, पण पायरीपायरीला वाक्यं सुचत होती. इतके सुखी ते लग्नातही नव्हते.

रजा संपायला एक दिवस उरला, तेव्हा नलिनी स्वतः जाऊन मेकॅनिकला घेऊन आली आणि काम होईपर्यंत पंपापाशी उभी राहिली. पाणी आलं. टिपणीसांनी जड मनाने शेवटची नोटीस लावली : पंप आणि टाकी यांच्यात समेट झाला आहे.

पुतळाबाईला ती पटली नाही. "एवढ्यात मिटवलंत? माझ्या दादल्याशी माझं बारा वर्सं मिटलं नाय."

टिपणीसांनी पेनाचं टोपण काढलं. "बारा वर्षं? कशावरून?"

"बोंबील घेता का आधी?"

बोंबील घेतले. ती पायरीवर बसली आणि सांगत राहिली. मधे दोनदा नलिनीने चहा दिला. मासे तसेच राहिले.

कथा दिवाळी अंकात छापून आली. माणिकताईंनी ती पुतळाबाईला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवली.

"भांडान बराबर लिवलंय," ती म्हणाली. "पन दादल्याला उगाच चांगला केलाय."

टिपणीसांनी चूक कबूल केली.