एसी कमी करा की!

पुण्याहून मारतहळ्ळीच्या ऑफिसात आलो आणि माझी मराठीच बंद झाली. मीटिंगला इंग्रजी, जेवताना हिंदी, रिक्षात तोडक्या कानडीतलं 'स्वल्प' आणि 'सरी'. खोलीवर तर कुणीच नाही. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

एका दुपारी कॉम्प्युटर अडकला आणि मी वैतागून "अरे देवा!" म्हणालो. लगेच पलीकडच्या रांगेतून आवाज आला, "ओ, मराठी काय तुम्ही? मग जरा एसी कमी करा की! हात गारठले."

मी जवळजवळ धावतच गेलो. भिंतीवरच्या एसीच्या डब्यात चोवीसचा आकडा होता, तो एकवीस केला.

"अगं बाई! कमी म्हणजे गारवा कमी करा, आकडा नव्हे! पुण्याचे ना? तरीच!"

बाई निपाणीकडच्या, माझ्याहून मोठ्या. काकू म्हणालो तर फणकारल्या, "काकू कुणाला म्हणता? अक्का म्हणा."

मग रोजचंच झालं. डबा त्यांच्या हाताशी, पण उठून जायचं मी! "कमी करा की ओ" आलं की मी आकडा वाढवायचो आणि भांडायचो.

"मला घाम फुटतोय, अक्का."

"फुटू दे की. जरा बारीक व्हाल."

त्या हाकेची मी सकाळपासून वाट बघायचो. खरं सांगतो, ऑफिसला जायचं कारण तेवढंच उरलं होतं.

मग त्यांच्या नवऱ्याची हुबळीला बदली झाली. शेवटच्या दुपारी मी उगाच ऐट केली, "आता एसी मला हवा तसा लावणार."

"लावा की," त्या हसल्या. "तो डबा कधीचा बंद आहे ओ. नुसता आकडा हलतो. सगळ्या बिल्डिंगची हवा खालूनच सोडतात."

"मग मला रोज कशाला उठवत होतात?"

"तुम्ही दिवसभर गप्प बसायचात, बघवायचं नाही." पर्स खांद्याला लावत त्या म्हणाल्या, "आणि माझ्याशी तरी इथं कोण बोलत होतं?"

सोमवारी त्यांच्या खुर्चीवर कुणाची तरी बॅग होती. दुपारी मी उठलो, डब्यापाशी गेलो, आकडा वाढवला आणि म्हणालो, "केला हो कमी, अक्का."

बॅगवाल्यानं कानातला इअरफोन काढून विचारलं, "क्या हुआ?"

"कुछ नहीं," म्हणून मी जागेवर येऊन बसलो. त्या दिवशी मराठीत तेवढंच बोललो.