डागमावशी कॉलेजात जाते

गल्लीच्या तोंडाशी तिची लाँड्री होती. अरुंद दार, आत वाफ आणि त्या वाफेत उभी असलेली ती. शर्टावर शाई सांडो, ग्रीस लागो नाहीतर गंज चढो, ती कपडा उजेडाकडे धरायची, डागावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "उद्या या." गल्लीने तिला डागमावशी हे नाव दिलं आणि तिने ते दागिन्यासारखं मिरवलं.

पन्नाशीला टेकल्यावर ती कॉलेजात जाऊ लागली, तेव्हा गल्लीला हसायला विषय मिळाला.

"मावशी, आता पदवी लावून इस्त्री करणार का?"

"हो तर. तुझा शर्ट आधी परीक्षेला बसवीन, मगच आत घेईन."

कॉलेजात संध्याकाळी नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी वर्ग चालायचे. तिने दोनच विषय निवडले, रसायनशास्त्राची तोंडओळख आणि गुन्हे व न्यायव्यवस्थेची तोंडओळख. खिडकीतल्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "बाई, या दोन विषयांचा एकमेकांशी काही संबंध नाही."

"आमच्या घरात आहे," ती म्हणाली.

तो संबंध एका शर्टाचा होता.

आई गेली तेव्हा धाकटा भाऊ कडेवर बसण्याएवढा होता. तिने त्याला वाढवलं, आणि त्याला वाढवता वाढवता स्वतःचं लग्न कुठेतरी मागे राहून गेलं. तो मोठा होऊन एका गॅरेजात मेकॅनिक झाला. एका संध्याकाळी घरी आला, शर्ट काढून मोरीत टाकला. छातीवर रक्त होतं. "नाकाचा घोळणा फुटला, ताई," एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

रक्ताचा डाग ओला असतानाच धुवावा आणि गार पाण्यात धुवावा. गरम पाणी लागलं की तो जन्माचा सोबती होतो. हे तिच्या मनाआधी तिच्या हातांना ठाऊक होतं. तिने शर्ट भिजवला, चोळला, दुकानातली पेरॉक्साइडची बाटली आणून ओतली. फेस आला, फेस गेला. पुन्हा ओतली. वाळवून, इस्त्री करून तिने तो खुंटीला अडकवला. सकाळी पोलीस आले, तेव्हा शर्ट नव्यासारखा लटकत होता.

गॅरेजचा मालक गॅरेजातच मरून पडला होता. डोक्यात कुणीतरी पाना घातला होता. त्याचं आणि भावाचं भांडण शेजारच्या दुकानांनी ऐकलं होतं. भावाने कोर्टात सांगितलं, "मालकाने थोबाडीत मारली, नाकातून रक्त आलं, मी निघून आलो. तेव्हा तो जिवंत होता." सरकारी वकील म्हणाला, "निर्दोष माणसाच्या शर्टाला रातोरात इस्त्री होते का?" ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली, "मी धुतला. तोच माझा धंदा आहे." खरं बोलली, आणि तेच खोटं ठरलं. कोर्टाला वाटलं, बहीण भावाला पाठीशी घालते आहे. तपासणीत कॉलरच्या शिवणीत रक्ताचा मागमूस सापडला. कुणाचं, ते मात्र सांगता येईना. भावाला जन्मठेप झाली.

आता गल्लीला वाटायचं, ती भावाला सोडवायला शिकते आहे. तिने कुणाचा गैरसमज दूर केला नाही. पण तिच्या काळजात एक कुसळ रुतलं होतं. घरी घोळणा आणि कोर्टात थोबाडीत. त्याने नंतर समजावलं होतं, "मार खाऊन आलो हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?" तिला ते पटलं होतं. पटूनही कुसळ निघालं नव्हतं. ते रक्त कुणाचं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

न्यायव्यवस्थेचे सर निवृत्त पोलीस अधिकारी होते. फळ्यावर ठळक अक्षरांत त्यांनी लिहिलं, संशयाचा फायदा आरोपीला. सगळ्यांनी उतरवून घेतलं. तिचं पेन मध्येच थांबलं. कोर्टाने दिला नाही ते राहू दे, तिने तरी कुठे दिला होता?

रसायनशास्त्र तिला जड गेलं. मोल हे कण मोजायचं एकक काही केल्या पचेना. शेजारी बसणारी मुलगी समजवायची, "मावशी, डझन असतो ना, तसाच मोल. फक्त प्रचंड मोठा."

"एवढा मोठा डझन बाजारात घेतं कोण गं?"

मुलगी हसून बाकावर कोसळायची.

एके दिवशी रसायनशास्त्राच्या बाईंनी बोकडाचं रक्त वाळलेला एक कपडा आणला. ओल्या कापसाने पुसला, कापसावर एक थेंब टाकला. काही झालं नाही. दुसरा टाकला आणि कापूस गुलाबी झाला. वर्गाने "वा" म्हटलं.

"दुसरा थेंब कशाचा होता?" तिने विचारलं.

"हायड्रोजन पेरॉक्साइडचा. आणि लक्षात ठेवा, हे बहुधा रक्त आहे, इतकंच या रंगावरून कळतं. माणसाचं की बोकडाचं, तेही कळत नाही. त्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात."

वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. "बाई, कपड्यावर आधीच हे पेरॉक्साइड भरपूर ओतून, चोळून धुतलं असेल तर? त्या वेगळ्या तपासण्यांनी कळेल, रक्त कुणाचं?"

"बहुधा नाहीच."

"आता नवीन यंत्रं निघाली असतील."

बाई पुस्तकं गोळा करत होत्या. "यंत्राला वाचायला काहीतरी उरायला हवं ना, मावशी. धुणाऱ्याने इतकं चांगलं धुतल्यावर काय उरणार?"

तिच्या धुण्याचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

तुरुंगात जाळीच्या पलीकडे भाऊ बसला. कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते. "काय म्हणतं कॉलेज? नापास झालीस की नाही अजून?"

"मोलात अडकलेय."

तो हसला. हसताना अजून लहान दिसायचा.

"बाईंना विचारलं मी," ती म्हणाली. "त्या शर्टातून आता काही कळायचं नाही."

"काय कळायचं राहिलंय त्यातून?"

"रक्त कुणाचं, ते."

त्याचं हसू विरलं. "ते तर मी तुला सांगितलंय."

ती पदराचं टोक बोटांत चोळू लागली, डाग काढावा तसं. तेवढ्यावरून त्याला सगळं समजलं.

"म्हणजे तू मला सोडवायला शिकत नव्हतीस."

खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. तो तिच्या ओठांवर आला नाही. "मला खात्री करून घ्यायची होती रे."

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर तू तेच सांगितलं असतंस."

"तेच खरं आहे, म्हणून."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. उठताना हळूच म्हणाला, "जपून जा, ताई." लहानपणी ती त्याला शाळेत सोडायची, तेव्हाही तो वळून हेच म्हणायचा. आज वळला नाही.

पुढच्या भेटीच्या दिवशी पहारेकरी आत जाऊन एकटाच परत आला. "तो भेटायला येत नाही म्हणतो." त्याच्या पुढच्या वेळीही तेच झालं.

कॉलेज तिने सोडलं. तुरुंगात जाणं सोडलं नाही. दर भेटीला जाते, नाव सांगते, वेळ संपेपर्यंत बाकावर बसून राहते. बाकावर येणाऱ्या बायका एकमेकींना विचारतात, तसं तिलाही कुणीतरी विचारतं, "तुमच्या भावाने काय केलं?"

"काही केलं नाही त्याने," ती म्हणते.

पूर्वी हे म्हणताना तिचा आवाज किंचित अडखळायचा. आता अडखळत नाही. पण ऐकायला तो जाळीपलीकडे नसतो.