मुंजाबांच्या शेवटच्या कातरणीची लोकर

मुंजाबा आमच्या सिडकोतल्या इमारतीत राहायला आले तेव्हा त्यांच्यासोबत एक पत्र्याची पेटी आणि लोकरीनं भरलेलं पोतं होतं. पोत्याचा वास जिन्यात दोन दिवस राहिला. त्यांचा मुलगा हनुमान वाळूजला कंपनीत कामाला आहे. आई गेल्यावर वडिलांना पिशोरकडच्या माळावर एकटं कसं ठेवायचं, म्हणून त्यानं मेंढरं विकली आणि त्यांना शहरात आणलं. विकण्याआधी शेवटची कातरणी झाली, तिची ही लोकर. काळी, तेलकट, कुसळांनी भरलेली.

दोन वर्षं ते ती कातत होते. सकाळी सातला खाली येत आणि गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत फेऱ्या मारत. काखेत लोकर, हातात चाती. चाती म्हणजे लोकर कातायची लाकडी टकळीच. मांडीवर घासून गरकन फिरवायची, सोडून द्यायची, आणि ती अधांतरी फिरत असताना बोटांनी लोकर सोडत जायचं. पाय आपले चालूच. धागा तुटला की थांबायचं, दोन्ही टोकं ओली करून जुळवायची, मगच पुढचं पाऊल.

माझं देवघर स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून. मी माळ घेऊन बसायची तेव्हाच ते खाली असत. खरं सांगायचं तर माझ्या तोंडात नाम आणि डोक्यात भलतंच. आज नळाचा वार आहे का, मटकीला मोड आले का, पुण्याहून लेकीचा फोन का नाही. एकशेआठ मणी कधी सरले ते कळायचंच नाही. आणि हा माणूस वीतभर धाग्यात अख्खा उतरलेला. मला हेवा वाटायचा. देवापुढं बसून हेवा केला, तेही लिहून ठेवते.

पहिल्या मजल्यावरच्या सत्यशीला वहिनींनी मोबाईलवर ध्यानाचं शिबिर केलं होतं. भांडी घासताना फक्त भांडी घासा, जेवताना फक्त जेवा, असं त्या सगळ्यांना सांगत. एकदा त्यांनी मुंजाबांना गाठलं.

"बाबा, आमच्या गच्चीवरच्या वर्गाला या. तुम्हाला बघून बायका शिकतील."

"काय करायचं तिथं?"

"डोळे मिटून श्वासाकडं लक्ष द्यायचं."

"डोळे मिटल्यावर मेंढरं कोन बघंल?"

"आता कुठं आहेत मेंढरं, बाबा!" वहिनी हसल्या.

मुंजाबाही हसले. पण चाती त्यांच्या हातून सुटली आणि फरशीवर पडली. एरवी कधी पडली नव्हती.

मी चहा घेऊन खाली गेले आणि विचारलं, "बाबा, तुमचं मन भटकत नाही का हो?"

"लई भटकतं. गेटापासून टाकीपर्यंत दोनदा पिशोरला जाऊन येतं. हात तेवढं इथं ऱ्हात्यात."

फाल्गुन लागला तसा हनुमान जिन्यात भेटला. चेहरा उतरलेला. गावाकडं घोंगड्या विणणारे एकच कडूबा उरलेत, मुंजाबांचे लहानपणचे सोबती. त्यांना आता नीट दिसत नाही. पाडवा झाला की माग मोडून लाकडं काढायची असं त्यांच्या पोरांनी ठरवलंय.

"काकू, तुम्ही सांगून बघा. आई असताना एवढी लोकर चार महिन्यांत कातून व्हायची. आता दोन वर्षं झाली तरी पाव पोतं अजून उरलंय. मागच राहिला नाही तर कोण विणणार? माझ्या पोराला आजाची एक घोंगडी तरी मिळू द्या."

मी सांगितलं. मुंजाबा टाकीच्या कठड्यावर टेकले.

"मला का कळत नाय, ताई? ही लोकर हाय तवर मेंढरं हायेत. म्हनून पुरवून पुरवून काततो."

"आणि नाही कातली तर?"

"तर कसर खाईल." ते उठले. "कुसळं काढू लागता का?"

मग रोज दुपारी आम्ही टाकीच्या सावलीला बसलो. मी कुसळं काढायची, ते कातायचे. मन जरा इकडं तिकडं गेलं की कुसळ बोटात घुसायचं, मन मुकाट्यानं परत. माळेनं जे बावीस वर्षांत झालं नाही ते तीन आठवड्यांत थोडं थोडं व्हायला लागलं. मधूनच ते माझ्या हातातला झुबका ओढून घेत, उन्हात धरत.

"ही तांबूस झाक दिसती का? ही बांडी मेंढी. लई आगाऊ. दुसऱ्याच्या हरभऱ्यात पयली हीच."

आणि झुबका परत माझ्या हातात देत.

सूत पाडव्याच्या आठ दिवस आधी पुरं झालं. रविवारी हनुमान ते पिशोरला देऊन आला. सोमवारी मुंजाबा रोजच्या वेळेला खाली आले, चार पावलं चालले आणि थांबले. हात मागं बांधून बघितले, खिशात घातले, परत काढले. रिकाम्या हातांनी चालायचं कसं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. टाकीच्या कठड्यावर बसून राहिले. मला खिडकीतून बघवेना.

तिसऱ्या दिवशी कडूबांचा फोन आला. हनुमाननं आवाज मोठा करून ठेवला, सगळा जिना ऐकत होता.

"मुंजाबा, घोंगडी करायची का नवरीची ओढनी? आरं, केसावानी सूत! पावसाचा थेंब बी आडायचा नाय ह्यानं."

"पुरवून काढलं रं."

"हावऱ्या! आता दोन दोन धागं एकत्र घिऊन पीळ घालावा लागंल. मला दिसत नाय. तूच ये."

"आन् माग?"

"तू येस्तोवर कोन हात लावतं बघतो."

हनुमान चिडला. घराला कुलूप, राहणार कुठं, खाणार काय. "कडूबाच्या ओसरीत," मुंजाबा म्हणाले आणि पेटीतून चाती काढली. सकाळच्या एसटीनं गेले. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "येणार कधी?" विचारलं, तर म्हणाले, "पीळ घालून झाला की."

पाडवा होऊन गेला. माग अजून उभा आहे. कडूबांची पोरं कुरकुरतात म्हणे, कारण मुंजाबा दिवसाकाठी दोन हात सूत पिळतात आणि उन्हं कलली की दुसऱ्यांच्या मेंढरांमागं माळावर जातात.

आज हनुमान फोन लावूनच दारात आला. "काकू, घरी या म्हणून तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतात."

मी फोन कानाला लावला. खालची फेऱ्यांची जागा मला रोज रिकामी दिसते, माझ्याही ओठांवर आलं होतं की बाबा, या आता. पण पलीकडं मेंढरं ओरडत होती, अगदी जवळ.

"कोन? ताई? बोला की."

"जेवलात का, बाबा?"

"व्हय. तुमी?"

"झालं माझं. काही नाही, सहज केला." हनुमान माझ्याकडं बघत होता. मी पाठ फिरवली. "पीळ सावकाश घाला."