भिमाबाईची बंदूक आणि राहीचे बूट

बदलापूरजवळची सोनिवली मागे टाकून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला भिमाबाईचं घर. नव्या इमारती आता तिच्या बांधाला येऊन टेकल्यात, पण मागच्या अंगाला अजून जंगल आहे आणि जंगलात रानडुकरं आहेत. त्या डुकरांपायीच तिच्या नवऱ्याने, दौलतरावांनी, पिकाच्या राखणीसाठी बारा बोअरची एकनळी बंदूक घेतली होती. रीतसर परवान्याची.

दौलतराव गेले तेव्हा भिमाबाई चाळिशीतली. दीर म्हणाला, "वयनी, बाईमाणसाला बंदूक कशाला? माझ्या नावावर करा." भावकीतल्या बाकीच्यांनी सल्ला दिला की सरकारजमा करून मोकळी हो. भिमाबाईने दोघांचंही ऐकून घेतलं आणि पोलीस ठाण्याच्या खेपा सुरू केल्या. पोलीस गावात येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करून गेले. बाई भांडखोर आहे का, घरात वाद आहेत का, कुणाशी जमिनीचा खटला आहे का. डॉक्टरकडे जावं लागलं. मग मोठ्या साहेबापुढे उभं राहावं लागलं.

"बंदूक चालवता येते का?" साहेबांनी विचारलं.

"येते. पण डुकराला आवाज पुरतो, साहेब. गोळी मी वरच मारते."

साहेब हसले म्हणे. परवाना तिच्या नावावर झाला. पंचक्रोशीत बंदूक असलेली ती एकटीच बाई. लोक तिला मागून 'बंदूकवाली' म्हणत, आणि ते कानावर आलं की भिमाबाईला मनातून बरं वाटे.

तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीला आचारसंहिता लागली की ती बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळून, रिक्षात मांडीवर आडवी घेऊन बदलापूरच्या पोलीस ठाण्यात जमा करी आणि निकाल लागला की परत आणी. ठाण्यातली पोरं तिला मावशी म्हणत. कुणी विचारलं, "मावशी, कंटाळा नाय येत?" तर ती म्हणे, "वस्तू माझी असली तरी भरवसा सरकारचा. सरकार मागेल तवा द्यायची." यात तिला काही चुकीचं वाटत नव्हतं. जगभर असंच असणार, असं ती धरून चालली होती.

तिची मुलगी पायल अंबरनाथच्या महेंद्रशी लग्न करून अमेरिकेत गेली. टेक्सासात. महेंद्र कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा. या डिसेंबरात पायल सहा वर्षांच्या राहीला घेऊन महिनाभर माहेरी आली. महेंद्रला सुट्टी नव्हती.

नात यायच्या आधी भिमाबाई उल्हासनगरला जाऊन तिच्यासाठी बूट घेऊन आली होती. पाऊल टाकलं की टाचेत लाल-निळे दिवे लागणारे. सिंधी दुकानदाराने हाताने आपटून दाखवले होते, "देखो अम्मा, अंधेरे में भी बच्चा दिखेगा." राही ते बूट घालून पहिल्याच दिवशी अंगणात इतकी नाचली की शेळ्या दावं तोडायला लागल्या. पायल मात्र ओट्यावर बसून ते दिवे बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहेत. पण हे इथेच ठेवायचे हां, आई. तिकडे नाही न्यायचे."

भिमाबाईला लागलं ते. आपण आणलेलं स्वस्तातलं म्हणून नको असेल, असं तिला वाटलं. 

नगरपालिकेच्या निवडणुकीचा निकाल लागला त्या दिवशीची गोष्ट. बंदूक अजून ठाण्यातच होती. दुपार कलताना निवडून आलेल्या उमेदवाराची मिरवणूक घरावरून निघाली. ढोल, गुलाल, आणि पोरांनी रस्त्यावरच सुतळी बॉम्ब लावले. एकामागोमाग एक. भिमाबाई ओट्यावरून बघत होती. पायल मागे विहिरीवर होती.

तेवढ्यात राहीने तिचा पदर धरला आणि ओढत ओढत आत नेलं. माजघरातून आतल्या खोलीत. दार लोटलं. कणगीच्या मागे अंधारात आजीला बसवलं. भिमाबाईला वाटलं, लपाछपी खेळतेय पोर. ती हसत म्हणाली, "राज्य कुणावर गो?"

राहीने तिच्या तोंडावर हात ठेवला. छोटासा, थंडगार हात. मग खाली वाकून पायातले बूट काढले, जमिनीला लागू न देता काढले, आणि गोधडीच्या घडीत दाबून ठेवले.

"लाईट दिसते," ती आजीच्या कानात म्हणाली. "बॅड मॅनला कळतं. आजी, श्वास स्लो घे."

बाहेर बॉम्ब फुटत होते. राही रडत नव्हती, थरथरतही नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीला पाठ लावून, दाराकडे नजर लावून बसली होती. सवय असलेल्या माणसासारखी. भिमाबाईने आयुष्यात घाबरलेली पोरं पुष्कळ पाहिली होती. असं शिकवल्यासारखं गप्प बसलेलं पोर पहिल्यांदाच पाहत होती. 

पायल धावत आली, दार ढकललं आणि दोघींना कणगीमागे बघून राहीसमोर उकिडवी बसली.

"राही, फटाके आहेत. फक्त फटाके. इथे नसतं तसं काही."

"काय नसतं?" भिमाबाईने विचारलं.

राहीला खाऊ देऊन शेळ्यांकडे पाठवलं आणि मग पायलने सांगितलं. तिकडे शाळेत त्याची तालीम असते. कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं, त्याची. बाई दिवे बंद करतात, दाराला कडी लावतात, मुलं कोपऱ्यात बसतात. दिव्याचे बूट अंधारात चमकतात, म्हणून शाळेला घालायचे नाहीत.

"शाळंत कोण शिरतं बंदूक घेऊन?"

"कुणीही. कधी त्याच शाळेतला जुना मुलगा. आई, झालंय असं. एकदा नाही, पुष्कळदा."

"पण त्याला बंदूक मिळते कुठून?"

"दुकानात. तंबू, गळ, सायकली मिळतात ना, त्याच मोठ्या दुकानात एका बाजूला. काचेच्या कपाटात."

"आणि परवाना?"

"आमच्या राज्यात लागत नाही. नाव तपासतात. गुन्हा नसला की देतात."

"घरी पोलीस येत नाय? शेजाऱ्यांना विचारत नाय?"

"नाही."

"निवडणुकीला जमा?"

पायल हसली, पण ते हसणं कसनुसं होतं. "आई, तिथे निवडणुकीला जमा करा म्हटलं तर लोक रस्त्यावर येतील. त्यांचा हक्क आहे तो. देशात माणसं आहेत त्यापेक्षा बंदुका जास्त आहेत."

 भिमाबाई म्हणाली, "माणसापरीस जास्त? मग जास्तीच्या धरतं कोण?"

 पायल उगाच दुसऱ्या देशांचं सांगत बसली. महेंद्रचा भाऊ हेमंत ऑस्ट्रेलियात असतो. तिथेही एका माणसाने एकदा खूप लोक मारले होते. त्यानंतर सरकारने कायदा बदलला, पैसे देऊन लोकांच्या लाखो बंदुका विकत घेतल्या आणि यंत्रात घालून चुरडल्या. तिच्या ऑफिसात एक जपानी बाई आहे, तिचे वडील शिकारी. त्यांना आधी वर्ग, मग परीक्षा, मग डॉक्टर. आणि दर वर्षी पोलीस तपासायला येतात, बंदूक कुठे ठेवलीय, काडतुसं वेगळी कुलपात आहेत की नाहीत.

"मंग हे बरोबर हाय," भिमाबाई म्हणाली. तिला जरा धीर आला. म्हणजे आपल्यासारखे आणखीही आहेत जगात. "तुमच्याच तिथं लोकांना येड लागलंय."

पायल खाली बघत होती. पायाच्या अंगठ्याने सारवलेली जमीन उकरत होती, लहानपणी काही फोडलं की करायची तशी.

"आई, आमच्याकडे पण आहे एक."

भिमाबाईला आधी कळलंच नाही. "काय हाय?"

"पिस्तूल. चार घरं सोडून चोर शिरला होता. महेंद्र तेव्हापासून झोपत नव्हता. एका शनिवारी आम्ही दूध आणायला गेलो आणि येताना ते घेऊन आलो. दुधाच्या रांगेतच जास्त वेळ गेला."

"आणि ठेवलंय कुठं?"

"बेडरूममध्ये, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. राहीचा हात नाही पोचत."

"पोचतो," दारातून आवाज आला.

राही परत आली होती. हातात शेळीसाठी तोडलेला कोवळा पाला, पाय अनवाणी.

"बाथरूमचं स्टूल घेतलं की पोचतो. पप्पाच्या मफलरखाली आहे. खूप हेवी आहे. मी फक्त बघितलं, मम्मा. बॅड मॅन घरी आला तर कुठे आहे ते माहीत पाहिजे ना."

 पायलने पोरीला ओढून छातीशी धरलं, इतकं घट्ट की राही "दुखतंय, मम्मा" म्हणाली.  ज्या हाताने मघाशी आपलं तोंड झाकलं, तो हात त्या लोखंडाला लागून आलेला, हे तिच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं.

पायलने तिथूनच महेंद्रला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाट होती. तो डोळे चोळत उठला, सगळं ऐकलं आणि फोन हातात घेऊनच कपाट उघडलं. मफलर होता. त्याखाली पिस्तूल होतं. आणि मफलरात एक लहान मुलीच्या केसाची क्लिप अडकलेली होती. त्याने ती कॅमेऱ्यासमोर धरली.

"महेंद्रराव," भिमाबाई म्हणाली, "काढून टाका ते घरातून."

जावई घाबरला होता, म्हणूनच चिडला. "आई, कुलूपवाली पेटी आणतो मी आजच. पण काढून टाका म्हणू नका. इथे सगळ्यांकडे आहे. आपल्याकडेच नसलं तर? आणि तुमच्याकडे नाहीये का? तुम्ही तर माझ्या लग्नाच्या आधीपासून बाळगताय."

"माझी परवान्याची हाय," भिमाबाई ठसक्यात म्हणाली. "सरकारने सतरा चौकश्या करून दिलेली. माझ्या घरात असलं कधी झालं नाय."

फोन ठेवल्यावर पायल हळूच म्हणाली, "झालंय, आई."

"काय झालंय?"

"बाबा काडतुसं या कणगीमागच्याच डब्यात ठेवायचे. मला आणि राजूदादाला ठाऊक होतं. तुम्ही शेतावर गेलात की आम्ही त्यांची आगगाडी करायचो. एकदा राजूने एक नळीत घातलं, बंदूक बंद केली आणि माझ्यावर धरली. चोर-पोलीस खेळत होतो. मी हात वर करून उभी होते. तेवढ्यात तू अंगणातल्या चुलीवरून हाक मारलीस, भाकऱ्या झाल्या, खायला या म्हणून. त्याने काडतूस काढलं आणि आम्ही पळालो."

भिमाबाईने कणगीमागे वाकून बघितलं. एवढी वर्षं या खोलीत ती धान्य काढायला येत होती. इथेच तिची सात वर्षांची पोर हात वर करून उभी होती आणि समोर तिचाच नऊ वर्षांचा पोरगा. साहेबांच्या चौकश्या, डॉक्टर, पोलीस ठाण्याच्या खेपा, आधी नवऱ्याने, मग तिने सगळं नियमाने केलेलं. आणि पोर वाचली ती भाकऱ्या वेळेवर झाल्या म्हणून.

"मला सांगितलं का नाय गो?"

"मार पडला असता."

त्या संध्याकाळी भिमाबाई जेवली नाही. राजू आता कल्याणला असतो, दोन मुलांचा बाप आहे. त्याला फोन लावला तर तो आधी हसला. "मला ते अजून स्वप्नात येतं, आई," मग म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात ठाण्यातून निरोप आला, मावशी, बंदूक घेऊन जा. भिमाबाईने कळवलं, थोडे दिवस ठेवा. ती पायलला घेऊन उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेली आणि भिंतीत ठोकून बसवता येईल असं जाड पत्र्याचं उभं कपाट मागितलं. दुकानदार म्हणाला, "जेवर के वास्ते, अम्मा?" ती म्हणाली, "बंदूक के वास्ते." तो दचकून तिच्याकडे बघतच राहिला. कपाट बसलं तेव्हाच बंदूक घरी आली. काडतुसं दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात गेली. दोन्ही किल्ल्या भिमाबाईच्या कमरेला. डुकरं वालाच्या पिकात शिरत होती, त्यामुळे बंदूक सोडायला तिचं मन होईना. पण 'बंदूकवाली' म्हटल्यावर बरं वाटायचं, ते वाटेनासं झालं.

पायल आणि राही परत गेल्या. तिकडे महिनाभर नवरा-बायकोत रोज वाद. महेंद्रने पेटी आणली होती, पायलला तेवढं पुरत नव्हतं. शेवटी एका रविवारी पायलचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"देऊन टाकलं, आई. त्याच दुकानात. त्यांनी परत घेतलं."

भिमाबाईने देवाला हात जोडले. मग तिला एक आठवलं. "परत घेताना तरी चौकशी केली का? का देताय, कुणी हाताळलं, असलं?"

"महेंद्रचं ओळखपत्र बघितलं. दहा मिनिटांत झालं."

"आणि आता ते पिस्तूल?"

"काचेच्या कपाटात ठेवलं, त्याच्यासमोरच. किमतीची चिठ्ठी लावून."

"म्हणजे पुन्हा विकणार? कुणाला?"

"जो येईल त्याला, आई."

भिमाबाईने कमरेच्या दोन्ही किल्ल्या चाचपून पाहिल्या.  मग राहीने फोन घेतला आणि काळ्या शेळीला पिल्लं झाली का, म्हणून विचारलं. भिमाबाईने सांगितलं, झाली, दोन झाली. एक आईसारखं काळं आहे, आणि एकाच्या कपाळावर पांढरा टिळा आहे.