पडद्याकडे पाठ करून बसणारा

मुलीवर चार संस्कार व्हावेत म्हणून मी तिला बारामतीच्या फिल्म क्लबात एक पोलिश विनोदी सिनेमा दाखवायला नेलं, ही माझी चूक.

तिथं तो होताच. इंदापूर रस्त्यावरचा हा टायरवाला दर खेळाला येतो, पहिल्या रांगेतली खुर्ची उलटी फिरवतो आणि शेंगा खात प्रेक्षकांची तोंडं बघत बसतो. टरफलं शर्टाच्या खिशात. साखर कारखान्याच्या निवडणुकीसाठी कोण कुणाशेजारी बसतं हे हेरायला त्याला कुणीतरी पाठवलंय, असा माझा पक्का संशय. त्यामुळे त्याचा फोन आला की मी घरात नसतो.

क्लबाचा एक जण माइकवरून संवाद मराठीत सांगत होता. पडद्यावरच्या बापानं पोराला खरं बोलण्यावर व्याख्यान दिलं आणि दाराची बेल वाजताच, "बाबा घरी नाहीत म्हणून सांग," असं बजावलं. सगळे हसले. माझी मुलगी तर माझ्याकडे बघून हसली. मी अंधारात उगाच चप्पल शोधू लागलो.

बाहेर त्यानं गाठलंच. म्हटलं, आता हा मी कुठल्या पॅनेलचा ते विचारणार.

"तुम्ही टाकलेला टायर कवाचा तयार हाय, सर. दोनदा फोन केला," तो म्हणाला आणि मुलीकडे वळला. "तूच उचललास न्हवं, बाळ?"

तिनं मान डोलावली.

"मग हिला पिक्चरला कशाला आणलं, सर? तसला बाप घरातच हाय की!"